व्याख्यानमालेची फूटपट्टी आणि धाराशिवची सभा

मराठवाड्यातील वाङ्मयीन संस्थाजीवनावर आपल्या विद्यापीठांतून जे प्रबंध सादर होतात, त्यांच्या पहिल्या प्रकरणात एक विधान हमखास येते. निजामी राजवटीत मराठी भाषेची गळचेपी झाली, त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वाङ्मयीन वातावरणच नव्हते, आणि खरा साहित्यव्यवहार १९४८ नंतर सुरू झाला, असा त्याचा आशय. या विधानाला आधार म्हणून मागच्या प्रबंधाचा हवाला दिला जातो, आणि मागच्या प्रबंधाला त्याच्याही मागच्याचा. दुसऱ्या बाजूला संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी आणि शतकमहोत्सवी गौरविका असतात. त्यांत नेमके उलटे चित्र रंगविलेले असते. गावात ध्येयवादी वकील होते, मास्तर होते, त्यांनी चार कपाटांचे वाचनालय काढले, पुण्याहून वक्ते आणले आणि अंधारात ज्योत पेटविली. पहिल्या चित्रात काहीच नाही, दुसऱ्यात जे आहे ते पुण्याची लहान प्रतिकृती म्हणून आहे. ही दोन्ही चित्रे परस्परविरोधी वाटली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, आणि प्रस्तुत लेखाचा रोख त्या गृहीतकावर आहे. ते असे, की लहान गावातील वाङ्मयीन सभा म्हणजे ग्रंथालय, व्याख्यानमाला आणि वार्षिक संमेलन या तीन गोष्टींची बेरीज होय. या तीन गोष्टी जेथे आहेत तेथे वाङ्मयीन संस्कृती आहे, जेथे नाहीत तेथे ती नाही.

२०२० च्या जानेवारीत १० ते १२ या तारखांना उस्मानाबाद येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. संमेलनस्थळाला संत गोरोबा काकांचे नाव दिले होते. पुढे २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. या दोन्ही प्रसंगी जिल्ह्याच्या सांस्कृतिक वारशाची भाषा मुबलक वापरली गेली. परंतु वारसा सांगताना तेराव्या-चौदाव्या शतकातील गोरोबांपासून एकदम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उडी घेतली जाते. मधला काळ, विशेषतः १९०० ते १९४८ हा कालखंड, राजकीय लढ्याच्या इतिहासाला दान दिलेला असतो. तो वाङ्मयेतिहासाचाही कालखंड आहे, हे मराठीचे अभ्यासक म्हणून आपल्या लक्षात कधी येणार, हा माझा प्रश्न आहे.

१

प्रथम ही फूटपट्टी कोठून आली ते पाहिले पाहिजे. पुण्यात १८४८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय निघाले. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञानविषयक सभा आणि तिच्या आधाराने ज्ञानप्रसारक सभा उभ्या राहिल्या. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, १८७८ मध्ये ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, १९०६ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की तो एखाद्या नैसर्गिक वाढीसारखा वाटतो. वास्तविक त्याच्या पाठीशी विशिष्ट परिस्थिती होती. इंग्रजी शिकलेला, पगारी नोकरीत असलेला, संध्याकाळी मोकळा असणारा एक वर्ग होता. स्वस्त छपाई आणि नियमित टपाल होते. शासनाने मराठीला शाळेची आणि कनिष्ठ कचेरीची भाषा म्हणून मान्य केले होते. आणि मुख्य म्हणजे, लोकांनी एकत्र जमून एखाद्या विषयावर बोलणे हा, काही अपवाद सोडता, गुन्हा मानला जात नव्हता.

या परिस्थितीतही ही रचना सर्वांची नव्हती. १८८५ च्या ग्रंथकार सभेला महात्मा फुल्यांनी जो नकार कळविला, तो मराठी वाङ्मयीन संस्थाजीवनाविषयीचा पहिला मूलगामी आक्षेप आहे. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हिताचा प्रश्न मनमोकळेपणाने मांडता येत नाही, त्या सभेत आपल्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, हा त्यातील मुद्दा आज प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला माहीत असतो. परंतु गंमत अशी, की पुण्यामुंबईच्या संदर्भात फुल्यांचा आक्षेप मान्य करणारे अभ्यासक मराठवाड्याकडे वळले की तो विसरतात, आणि फुल्यांनी नाकारलेलीच रचना येथे नव्हती म्हणून हळहळतात. वीणा नरेगल यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारतातील भाषा, अभिजन आणि लोकव्यवहार यांचे नाते उलगडून दाखविले, तेव्हा मुंबई इलाख्यातील ही संस्थात्मकता किती अरुंद पायावर उभी होती हे स्पष्ट झाले. ज्याचा पाया अरुंद होता असे आपण सिद्ध केले, तोच मापदंड दुसऱ्या प्रदेशाला लावण्यात कोणती तर्कसंगती आहे?

२

आता धाराशिवची परिस्थिती. जिल्ह्याचे मुख्य ठाणे विसाव्या शतकाच्या आरंभी नळदुर्गाहून धाराशिवला आले आणि १९०४ पासून जिल्हा उस्मानाबाद या नावाने ओळखला जाऊ लागला. लातूर त्या वेळी आणि पुढे १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. पश्चिमेला इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्हा, आणि दोन्ही हद्दी एकमेकींत घुसलेल्या. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचला. तो येडशीवरून गेला आणि जिल्ह्याचे शहर बाजूलाच राहिले. पेठ, टपाल, वर्तमानपत्र आणि शाळा या सर्व बाबतींत बार्शी-सोलापूर हे इकडच्या माणसांचे खरे आधार होते. तेव्हा ‘उस्मानाबादचे वाङ्मयीन जीवन’ केवळ उस्मानाबादच्या हद्दीत शोधणे ही पहिली चूक होय. सीमेवरच्या माणसाची सभा सीमेच्या दोन्ही बाजूंना असते.

दुसरी गोष्ट भाषेची. हैदराबाद संस्थानात मराठी बोलणारे लोकसंख्येच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके, उर्दू बोलणारे सुमारे दहाव्या हिश्श्याइतके. १८८० च्या दशकात राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. या वस्तुस्थितीवरून आपण गळचेपीचा निष्कर्ष काढतो, आणि तो खोटा नाही. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच वाचणे होय. हैदराबाद हे ग्रंथशून्य संस्थान नव्हते. हैदराबादचे आसफिया ग्रंथालय १८९१ चे. विद्यापीठासाठी स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान, कायदा या विषयांचे शेकडो ग्रंथ उर्दूत आणले आणि पारिभाषिक शब्द घडविले. एका भारतीय भाषेला उच्च शिक्षणाचे माध्यम करण्याचा हा या देशातील मोठा प्रयोग होता. कविता दातला यांच्या २०१३ मधील ग्रंथाने त्याची बौद्धिक बाजू तपशिलाने पुढे आणली आहे. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून परिसंवाद घेणाऱ्या आपल्या विभागांनी या प्रयोगाचा अभ्यास करू नये, याचे आश्चर्य वाटते. या प्रयोगाचा आमच्या प्रदेशाशी थेट संबंध होता. त्याची किंमत मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषांनी मोजली, हेही त्याच अभ्यासाचा भाग आहे.

आणखी एक वस्तुस्थिती. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय मौलवी अब्दुल हक यांच्या कारकिर्दीत सुमारे दोन तपे औरंगाबादेत होते. ‘उर्दू’ हे तिचे त्रैमासिक १९२१ मध्ये तेथूनच सुरू झाले. म्हणजे ज्या काळात मराठवाड्यात वाङ्मयीन वातावरण नव्हते असे आपण लिहितो, त्याच काळात हिंदुस्थानातील एका प्रमुख भाषेची सर्वांत कर्तबगार वाङ्मयीन संस्था मराठवाड्यात बसून कोश, जुन्या संहितांच्या आवृत्त्या आणि समीक्षा सिद्ध करीत होती. ‘वातावरण नव्हते’ या विधानाचा खरा अर्थ ‘मराठीतले, आमच्या ओळखीचे वातावरण नव्हते’ एवढाच उरतो. ही दुरुस्ती शाब्दिक नाही. जिल्ह्याच्या गावी कचेरीत उर्दूत लिहिणारा, घरी मोडीत हिशेब ठेवणारा, पोथी देवनागरीत वाचणारा आणि केसरी बार्शीहून मागविणारा जो मराठी वकील किंवा कारकून होता, त्याची वाङ्मयीन जाणीव एका भाषेत मावणारी नव्हती. मुशायरा म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. वाहवा कोठे द्यायची हेही. त्याने पुढे मराठीत सभा भरविली, तेव्हा तिचा शिष्टाचार केवळ वसंत व्याख्यानमालेवरून आला असे मानण्यास आधार काय?

३

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट कायद्याची. खिलाफत-असहकाराच्या काळापासून संस्थानात सार्वजनिक सभांवरील नियंत्रण वाढत गेले, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध परिपत्रकाने ते पुरते आवळले गेले. सभा घ्यायची तर आधी अर्ज करायचा, हेतू सांगायचा, परवानगीची वाट पाहायची. खाजगी शाळा, आखाडे, वाचनालये यांच्यावरही अशीच नजर होती. राजकीय इतिहासकारांनी या परिपत्रकाची नोंद अन्यायाचा पुरावा म्हणून घेतली आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मात्र त्याचा परिणाम ‘साहित्य’ या संकल्पनेवर काय झाला, हे विचारलेले नाही.

तो परिणाम असा, की संस्थानात ‘साहित्य’ ही तटस्थ वर्गवारी राहिली नाही. ती एक कायदेशीर आडोसा झाली. जे राजकीय नाही ते करता येईल, असे शासन म्हणत होते. तेव्हा जे करायचे ते राजकीय नाही असे दाखविणे भाग होते. पुण्यतिथी, गणेशोत्सव, कीर्तन, वाचनालयाचा वर्धापनदिन, साहित्य संमेलन ही सर्व नावे अर्जात लिहिण्याजोगी होती. १९३१ मध्ये हैदराबादेत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन होऊ शकले. १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते भाषिक-सांस्कृतिक संस्थेच्या रूपात. याउलट हैदराबाद स्टेट काँग्रेस हे नाव धारण करणाऱ्या संघटनेवर १९३८ मध्ये ती धड उभी राहण्यापूर्वीच बंदी आली. आ. कृ. वाघमारे यांनी त्याच वर्षी पुण्याहून सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकाला बंदीमुळे नावे बदलत जगावे लागले. या चार घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे ‘साहित्य’ हा शब्द संस्थानात काय काम करीत होता ते उमगते.

येथे मराठी समीक्षेच्या एका लाडक्या वादाची आठवण होते. १९३० च्या दशकात पुण्या-कोल्हापुरात कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकर वाद रंगात होता. साहित्य हे राजकारणापासून अलिप्त असावे काय, हा प्रश्न ज्यांना राजकीय सभा घेण्याची मुभा आहे त्यांच्यासाठी तात्त्विक असतो. ज्यांना ती मुभा नाही त्यांच्यासाठी अलिप्तता ही एक वेषभूषा असते, आणि तीखाली काय आहे हे वक्ता, श्रोता आणि कोपऱ्यात बसलेला पोलीस अशा तिघांनाही माहीत असते. तुकारामाच्या अभंगावरील निरूपण असो की रामदासांच्या उपदेशावरील व्याख्यान, ऐकणारा त्यात चालू परिस्थितीचा अर्थ भरीत होता. व्यंजना हा काव्यशास्त्रातील विषय आपण वर्गात शिकवितो. येथे ती सबंध समुदायाची वाचनपद्धती झाली होती. या वाचनपद्धतीचा अभ्यास झाला असता तर आपल्या आस्वादविचारात मोलाची भर पडली असती. तो न करता आपण व्याख्यानांच्या याद्या करीत बसलो आणि याद्या आखूड भरल्या म्हणून प्रदेशाला मागास ठरविले.

याच संस्थानातील तेलुगू भाषकांचे उदाहरण आपल्याला लाज वाटावी असे आहे. तेलंगणात कवीच नाहीत, असा शेरा मारला गेला, तेव्हा ‘गोलकोंडा पत्रिके’चे संपादक सुरवरम प्रताप रेड्डी यांनी साडेतीनशेहून अधिक कवींच्या रचनांचा संग्रह १९३० च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध केला. आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांनी संहिता गोळा केल्या. १९०१ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयमपासून सुरू झालेली ग्रंथालय चळवळ ही तेलंगणाच्या राजकीय जागृतीची पहिली पायरी होती, हे तेथील वाङ्मयेतिहास अभिमानाने सांगतो. परभणीचे गणेश वाचनालयही १९०१ चेच. परंतु आमच्या वाङ्मयेतिहासात त्याला स्थान मिळते ते फार तर तळटीपेत. फरक साधनांचा नव्हता; आपल्याकडे काही आहे असे मानण्याचा होता.

४

आता जिल्ह्यातील तीन स्थळे घेऊ. ती मुद्दाम परस्परभिन्न निवडली आहेत.

पहिले हिप्परगा. आजच्या लोहारा तालुक्यातील या खेड्यात असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर येथे मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे १९३५ मध्ये त्यांचे कार्यक्षेत्र अंबेजोगाईला गेले. या शाळेचा उल्लेख हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या प्रत्येक इतिहासात येतो, आणि तो कार्यकर्ते घडविणारी शाळा म्हणून येतो. परंतु मुलांना मराठीतून शिकविणारी, सरकारी अभ्यासक्रमाच्या बाहेर राहून पाठ्य काय असावे हे स्वतः ठरविणारी संस्था ही मूलतः एक वाङ्मयीन संस्था असते. कोणता कवी पाठ करावयाचा, कोणता इतिहास सांगावयाचा, भाषणात कोणती मराठी वापरावयाची, हे निर्णय म्हणजे अभिरुचीचे निर्णय होत. व्याख्यानमाला श्रोत्याला वर्षातून आठ दिवस भेटते. ही शाळा विद्यार्थ्याला रोज भेटत होती. धाराशिव जिल्ह्यात वाङ्मयीन सभा कोठे होती, असे कोणी विचारले तर ती एका खेड्यातल्या शाळेत होती, असे उत्तर देण्यास मला संकोच वाटणार नाही.

दुसरे तेर. गोरोबांचे गाव, प्राचीन तगर. येथे आणि तुळजापूरच्या वाटेवरील गावोगाव कीर्तन, सप्ताह, भारूड आणि गोंधळ यांची अखंड परंपरा आहे. शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आहे आणि उरुसाला दोन्ही धर्मांचे लोक जमतात. ही सर्व वाणीची स्थाने. वाङ्मयीन सभेची तीन लक्षणे मानावीत, असे मी सुचवितो: जाहीर आमंत्रण, समोर एखादी संहिता, आणि तिच्या अर्थाविषयी बोलण्याची रीत. कीर्तनात पूर्वरंगाला अभंग असतो, त्याचे विवरण असते, उत्तररंगात आख्यान असते. श्रोता चुकीच्या पाठाला अडवितो. हे काव्यविवेचन नव्हे तर काय? त्याला मर्यादा नाहीत असे नाही. आमंत्रण जाहीर असले तरी बसण्याची जागा जातीने ठरत होती, आणि बाईला विवरणाचा अधिकार क्वचितच होता. पण याच मर्यादा पुण्याच्या दिवाणखान्यालाही होत्या. तेथे त्या दाराबाहेर राहिल्या म्हणून कागदावर दिसल्या नाहीत, इतकेच.

तिसरे कसबे तडवळे. बार्शी-लातूर लोहमार्गावरील, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या या गावी १९४१ च्या फेब्रुवारीत २२ आणि २३ तारखांना महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित राहिले. वतनाचा प्रश्न हा आर्थिक आणि सामाजिक प्रश्न, तेव्हा तिची नोंद चळवळीच्या इतिहासात झाली. मी विचारतो, की या जिल्ह्याच्या इतिहासात याहून अधिक परिणामकारक व्याख्यान कोणते झाले? ज्यांना वाचनालयाच्या ओट्यावर बसण्याची सोय नव्हती, ज्यांच्या कित्येक पिढ्या गावच्या दवंडीची वाणी होत्या पण सभेचे वक्ते कधीच नव्हत्या, ते येथे स्वतःच्या सभेचे यजमान झाले. आमंत्रण जाहीर होते, समोर वतनाचा कायदा ही संहिता होती, आणि तिचा अर्थ कोणाच्या हिताचा याची चर्चा होती. दलित साहित्याची सुरुवात १९६० च्या दशकातील मुंबईच्या नियतकालिकांत शोधणाऱ्यांनी मराठवाड्यातून आलेले लेखक कोणत्या वक्तृत्वाच्या आठवणीवर वाढले, हे पाहिले पाहिजे. ती आठवण अशा परिषदांची, जलशांची आणि त्यांच्या घरोघर सांगितल्या गेलेल्या हकिकतींची आहे. साहित्य परिषदेच्या शाखांची नाही.

५

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा, की सभा, शाळा, कीर्तन, परिषद या सर्वांनाच वाङ्मयीन संस्था म्हटले तर त्या संज्ञेला काही अर्थ उरणार नाही. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच वर तीन लक्षणे सांगितली. त्या कसोटीला लग्नाची पंगत उतरत नाही, आठवड्याचा बाजार उतरत नाही; आणि ज्या गौरविकांतील कित्येक ‘साहित्य मंडळे’ केवळ पदाधिकाऱ्यांच्या यादीपुरती होती, तीही उतरत नाहीत. कसोटी सैल केलेली नाही. ती बदलली आहे.

दुसरा आक्षेप सिद्धान्ताच्या दिशेने येईल. हाबरमासने १९६२ मध्ये युरोपातील कॉफीगृहे, वाचनमंडळे आणि नियतकालिके यांच्या आधारे नागरी लोकव्यवहाराची जी उपपत्ती मांडली, तिच्यात समानतेच्या पातळीवरील विवेकनिष्ठ चर्चा हा गाभा आहे. कीर्तन किंवा वतनदार परिषद तीत कशी बसणार? याला उत्तर हाबरमासच्या टीकाकारांनीच दिलेले आहे. नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये दाखविले, की ज्यांना प्रतिष्ठित लोकव्यवहारातून वगळले जाते ते आपले प्रतिलोकव्यवहार उभे करतात आणि त्यांत स्वतःची भाषा घडवितात. फुल्यांचा १८८५ चा नकार त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचा आहे, हे ध्यानात घेतले तर या सिद्धान्तासाठी आपल्याला परक्या दारी जाण्याचीही गरज नव्हती. हाबरमासचे नाव घेऊन मराठवाड्यात वाचनमंडळे मोजणे हा सिद्धान्ताचा उपयोग नव्हे, दिखावा आहे.

तिसरा आक्षेप देशीवादी मित्रांचा असेल. तुम्ही कीर्तनाचे मोल मान्य करता, तर मग उर्दूच्या अंजुमनचे आणि दरबारी भाषेचे कौतुक कशाला? येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. भालचंद्र नेमाड्यांनी १९८३ पासून मांडलेल्या देशीयतेच्या विचाराने मराठी समीक्षेला आपल्या मातीकडे पाहावयास लावले, हे ऋण मोठे आहे. परंतु धाराशिवच्या मातीत उर्दू मिसळलेली आहे. तहसील, मोहरीर, गश्ती, निशाण, मुकदमा हे शब्द येथल्या निरक्षर शेतकऱ्याच्या तोंडी होते, अजूनही आहेत. ज्या देशीयतेतून ही भाषा वजा करावी लागते, ती देशीयता नसून पुण्याच्या शुद्धलेखनाचीच दुसरी बाजू आहे. राजवट अन्यायी होती, रझाकारांचे अत्याचार हे वास्तव होते, त्यांची झळ या जिल्ह्याला पोचली. यातील एक अक्षरही मागे घेण्याचे कारण नाही. पण राजवटीचा अन्याय आणि भाषेचा वारसा यांची गल्लत केली, तर आपण आपल्याच आजोबांची कागदपत्रे वाचण्यास नालायक ठरतो. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढून टाकलेले आणि नागपूरला जाऊन शिकलेले विद्यार्थी उर्दू माध्यमातूनच शिकत होते. त्यांनी राजवट नाकारली. शिकलेली भाषा विसरले नाहीत. सेतुमाधवराव पगडींसारखा निलंग्यात जन्मलेला अभ्यासक मराठी वाचकाला फारसी-उर्दू साधने जन्मभर उपलब्ध करून देत राहिला. तो अपवाद ठरावा, ही आमची नामुष्की आहे.

६

प्रश्न केवळ इतिहासलेखनाचा असता तर एवढ्या आवेशाने लिहिण्याचे कारण नव्हते. प्रश्न आज कोणती साधने टिकतील आणि कोणती नष्ट होतील हा आहे. संस्थानाचे दप्तर हैदराबादेत आहे, आणि २०१४ पासून ते तेलंगण राज्याच्या अभिलेखागाराचा भाग आहे. सभेच्या परवानगीसाठी केलेले अर्ज, त्यांवरील शेरे, पोलिसांचे अहवाल, शाळांची तपासणी, जप्त मजकुराची प्रकरणे हे राजवटीच्या कारभाराचे स्वाभाविक अवशेष असतात, आणि ते उर्दूत असतात. वाङ्मयीन सभेचा इतका बारीक वृत्तान्त दुसरा कोण लिहिणार? वक्ता काय बोलला हे संस्थेच्या कार्यवाहाने दोन ओळींत उरकले असेल. हेराने ते तपशिलाने लिहिणे हे त्याचे कामच होते. अशा साधनांकडे जाणारा विद्यार्थी आम्ही घडवीत नाही. आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सौंदर्यशास्त्राच्या चार परिभाषा असतात. उर्दू लिपीची ओळख नसते, आणि मोडी असलीच तर हौशी प्रमाणपत्रापुरती. परिणामी ‘मराठवाड्यातील वाङ्मयीन संस्था’ हा विषय घेणारा विद्यार्थी गौरविका गोळा करतो, चार वयोवृद्धांच्या मुलाखती घेतो आणि पहिल्या प्रकरणात तेच विधान पुन्हा लिहितो. दोष त्याचा नाही. त्याला जी भाषा शिकविली नाही त्या भाषेतील पुरावा त्याने कोठून आणावा?

गावोगावच्या घरांतील बाडे, वह्या, हिशेब आणि हस्तलिखित मेळ्यांची पदे यांचे आयुष्य तर याहूनही कमी आहे. वाडे पडत आहेत. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी एकट्याने खापरे, नाणी आणि मूर्ती जमविल्या म्हणून तगराचा इतिहास सांगता येतो, आणि त्यांच्या नावाने तेथे शासकीय संग्रहालय उभे आहे. विसाव्या शतकातील कागदाला असा एखादा लामतुरे मिळाला पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वीचे खापर जपणाऱ्या जिल्ह्याला शंभर वर्षांपूर्वीचा अर्ज जपता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही.

तेव्हा माझी मागणी मोजकी आहे. मराठवाड्यातील प्रत्येक मराठी विभागाने पदव्युत्तर स्तरावर उर्दू लिपी आणि मोडी यांचे एक सक्तीचे सत्र ठेवावे. ‘संस्थांचे योगदान’ या ठशाचे संशोधनविषय पाच वर्षे मंजूर करू नयेत. त्याऐवजी एकेका तालुक्यातील एकेका दशकाचा साहित्यव्यवहार, सर्व भाषांतील आणि सर्व जातींतील सभांसह, हा विषय द्यावा. आणि ‘वातावरण नव्हते’ हे विधान ज्या प्रबंधात येईल, त्याच्या परीक्षकाने मौखिकीत एकच प्रश्न विचारावा: कोणत्या भाषेतील कागद पाहून हे लिहिले? विधान करणाऱ्याने पुरावा द्यावा, हा संशोधनाचा साधा नियम आहे. मराठवाड्याच्या बाबतीत तो इतकी वर्षे स्थगित ठेवला गेला. ती स्थगिती उठविण्याची वेळ आली आहे.